साडेतीन डॉलरमध्ये शाळेचं एक वर्ष: एका गाजलेल्या पेपरचं वाचन

पीएच.डी.च्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मी एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने टाकलं होतं: केनियात जंताच्या गोळीवर साडेतीन डॉलर खर्च केले की शाळेचं एक वर्ष वाढतं. कमिटीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "एक वर्ष म्हणजे नक्की काय? आणि कुणाचं?" मला उत्तर देता आलं नाही. मूळ पेपर मी वाचलेलाच नव्हता, आकडा एका रिव्ह्यूमधून उचलला होता. त्या आठवड्यात बसून पेपर वाचला आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. रिसर्चला यायच्या तयारीत असलेल्यांना उपयोग होईल असं वाटतं, कारण ही चूक आपण सगळेच करतो.

पेपर आहे एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांचा, २००४ साली 'इकॉनोमेट्रिका'मध्ये आलेला. जागा पश्चिम केनियातला बुसिया जिल्हा. एकूण ७५ प्राथमिक शाळा, ३०,००० पेक्षा जास्त मुलं. तिथल्या दहापैकी नऊहून जास्त मुलांच्या पोटात कुठला ना कुठला जंत होता. शाळांचे २५-२५ चे तीन गट केले. पहिल्या गटाला १९९८ पासून गोळ्या मिळाल्या, दुसऱ्याला १९९९ पासून आणि तिसऱ्याला २००१ मध्ये. ज्यांची पाळी अजून आलेली नाही तो कंट्रोल ग्रुप. निष्कर्ष असा की गोळ्या मिळालेल्या शाळांत गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने कमी झाली.

आधी यात काय भारी आहे ते बघू. टीका करायची म्हणजे फक्त खोड काढायची असं नसतं.

पहिली गोष्ट, यांनी मुलांऐवजी शाळा वाटून घेतल्या. मी झूलॉजीवाला, त्यामुळे हे लगेच पटलं. जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि तिथून दुसऱ्या मुलापर्यंत पोचतात. एकाच वर्गात निम्म्या मुलांना गोळी दिली तर उरलेल्या मुलांचा संसर्गही थोडा कमी होतो. मग दोघांत फरक कमी दिसतो आणि आपण म्हणतो, गोळीचा उपयोग नाही. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत नेमकं हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट, हजेरी त्यांनी शाळेच्या रजिस्टरवरून घेतली नाही. माणसं न सांगता शाळेत जायची आणि कोण वर्गात बसलंय ते मोजायची. रजिस्टर काय चीज असते हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

आता कच्चे दुवे. शाळांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं नव्हतं. नावं वर्णानुक्रमाने लावून प्रत्येक तिसरी शाळा एका गटात, अशी ती पद्धत होती. कोणाला गोळी मिळतेय हे सगळ्यांना माहीत होतं. आणि शेजारच्या शाळांवरचा परिणाम मोजताना कोडमध्ये चूक होती, त्यामुळे ३ ते ६ किलोमीटरमधल्या सगळ्या शाळा मोजल्याच गेल्या नव्हत्या. ही चूक उघड झाली कारण लेखकांनी स्वतः डेटा आणि कोड खुला केला होता. २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने पुन्हा विश्लेषण केलं, त्यावर जोरदार भांडणं झाली. चूक दुरुस्त केल्यावर लांबच्या शाळांवरचा परिणाम भरवशाचा राहिला नाही, पण गोळ्या दिलेल्या शाळांमधली हजेरीची वाढ टिकली. मला विचाराल तर चूक सापडणं ही या पेपरची कमाईच आहे. आपल्यातले किती जण आपला कोड दुसऱ्याच्या हातात देतील?

पण माझं खरं भांडण इथे नाहीये. ते त्या साडेतीन डॉलरशी आहे.

हिशोब असा आहे: एका मुलामागे वर्षाला सुमारे ०.४९ डॉलर खर्च, आणि त्या बदल्यात हजेरीत ०.१४ वर्षाची वाढ. भागाकार करा, ३.५० येतात. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर असं की हे 'एक वर्ष' कुठल्याच एका मुलाचं नाही. साधारण सात मुलांच्या वाढलेल्या दिवसांची ती बेरीज आहे. आणि हे दिवस वर्गात बसण्याचे आहेत, शिकण्याचे असतीलच असं नाही. परीक्षेच्या गुणांत काही फरक दिसला नाही हे पेपरमध्येच स्पष्ट लिहिलंय. मी वाचलेल्या रिव्ह्यूत ते वाक्य गळलं होतं.

आता छेदात कोण नाही ते बघा. नमुना शाळेच्या यादीवरून घेतलेला आहे. ज्या मुलाचं नाव कधी कुठल्या शाळेत घातलंच नाही, ते यात येणार कुठून? गर्भावर परिणाम होईल या त्या काळच्या भीतीने १३ वर्षं आणि त्यापुढच्या मुलींना नियमाप्रमाणे गोळी द्यायची नव्हती. शाळा सुटण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यातलेच हे दोन गट.

आणि मग एक बारीकशी नोंद लागते, जिच्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय. १९९९ पासून पालकांची सही लागायची, त्यासाठी शाळेत जावं लागायचं. लेखक म्हणतात, फी थकलेले पालक हेडमास्तरांसमोर जायला कचरत असतील, म्हणून काही मुलांना गोळी मिळाली नसेल. बास, एवढंच. पुढे विषय गोळीचा.

मी तिथेच थांबलो. त्या काळात केनियात सरकार शिक्षकांचा पगार द्यायचं, बाकीचा बराच भार फी आणि वर्गण्यांच्या रूपाने पालकांवर असायचा. शिक्षणाचा हक्क १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यात आहे, प्राथमिक शिक्षण मोफत असावं असं तिथे साफ म्हटलंय. तरी इथे बाप शाळेच्या दारात जायला घाबरतोय. हक्क जिथे अडतो ती जागा या पेपरमध्ये आहे, पण ती गोळी का पोचली नाही याचं स्पष्टीकरण म्हणून आलीये.

याच लेखकांचा २००७ चा पेपर सोबत वाचा. २००१ मध्ये यातल्याच काही शाळांत गोळीसाठी थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली, मुलामागे सरासरी ०.३० डॉलर. फुकट होती तिथे ७५ टक्के मुलं गोळी घेत होती, पैसे लावल्यावर १८ टक्के. रक्कम थोडी कमी-जास्त असल्याने फारसा फरक पडला नाही. शून्य की शून्याहून जास्त, एवढ्यावरच सगळं ठरलं. गोळी आणि शाळा सारख्या नाहीत हे मान्य, पण हे वाचून फीचा विचार मनात येणारच.

जानेवारी २००३ मध्ये किबाकी सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. पटावरची मुलं सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. २०१० च्या राज्यघटनेत मोफत आणि सक्तीचं मूलभूत शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क झाला.

मग संशोधनात गोळीइतकी फी का गाजली नाही? मला वाटतं, कारण पद्धतीत आहे. गोळी २५ शाळांना आज आणि २५ शाळांना दोन वर्षांनी देता येते. हक्क तसा देता येत नाही, तो सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो. कंट्रोल ग्रुपच उरत नाही. त्यामुळे 'स्वस्तात काय जमतं' याच्या यादीत गोळी वर बसते आणि फीमाफी त्या यादीत येतच नाही.

अर्थात मोजणं अशक्य नाही. एड्रियन ल्युकस आणि आयझॅक एम्बिटी यांनी २०१२ च्या पेपरमध्ये आधी जास्त गळती असलेले आणि कमी गळती असलेले जिल्हे घेऊन तुलना केली. प्राथमिक शाळा पूर्ण करणारी मुलं वाढली, आणि जी मुलं तशीही शाळेत असती त्यांचे गुण फारसे घसरले नाहीत. डिझाइन मिगेल-क्रेमरइतकं स्वच्छ नाही, गृहीतकं जास्त आहेत. पण प्रश्न मोठा आहे.

माझ्या दृष्टीने मिगेल-क्रेमरचा पेपर चांगलाच आहे आणि तो जरूर वाचा. एखादं बजेट कुठे खर्च करायचं याचं तो प्रामाणिक उत्तर देतो. मूल शाळेबाहेर का आहे आणि त्याला जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न त्याच्या तोंडी घातला आपण, आकडा उचलणाऱ्यांनी.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा एखादा उचललेला आकडा असेल तर आज मूळ पेपर उघडा. अंशात काय मोजलंय आणि छेदात कोण आहे, दोन ओळीत लिहून काढा. मी माझं वाक्य बदललं. आता तिथे लिहिलंय: 'पटावरच्या मुलांची हजेरी वाढली, गुण वाढले नाहीत, पटाबाहेरच्या मुलांबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.' स्लाइडवर ते पहिल्याइतकं झकास दिसत नाही. पण पुढच्या वेळी मॅडमनी विचारलं तर उत्तर देता येईल.