सात सेंटिमीटरची फट

चित्रपट सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, तोच गोंदो नावाचा गृहस्थ स्वतःच्या दिवाणखान्यात, आलेल्या पाहुण्यांच्या देखत, एक नवाकोरा बायकी बूट नुसत्या हातांनी फाडून दाखवतो. पाहुणे म्हणजे 'नॅशनल शूज' कंपनीतले त्याचेच सहकारी. स्वस्त आणि दिखाऊ माल काढून नफा वाढवावा हा त्यांचा आग्रह, आणि कारखान्यात कोवळ्या वयापासून घडलेल्या गोंदोला तो अपमानासारखा झोंबतो. हे हात आपण नीट पाहून ठेवावेत. अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ सालच्या 'हाय अँड लो' या पोलिसपटाचे निम्मे रहस्य गुन्हेगाराच्या डोक्यात असेल, तर उरलेले निम्मे या हातांत आहे.

कथाबीज एड मॅकबेन यांच्या 'किंग्ज रॅन्सम' या अमेरिकी कादंबरीचे, पण ते योकोहामाच्या मातीत असे रुजले आहे की परकेपणाचा वासही येऊ नये. कंपनी ताब्यात घेण्यासाठी गोंदोने राहते घरसुद्धा गहाण टाकून पाच कोटी येन उभे केलेले असतात, आणि त्याच संध्याकाळी फोन येतो: तुझा मुलगा आमच्याकडे आहे, तीन कोटी दे. मुलगा तर घरातच सापडतो; पळवले गेलेले असते ते त्याच्या ड्रायव्हरचे पोर. खंडणी मात्र तीच राहते. दुसऱ्याच्या लेकरासाठी स्वतःला धुळीला मिळवायचे का, एवढा एकच प्रश्न तोशिरो मिफुने यांचा गोंदो जवळजवळ तासभर एका खोलीत येरझाऱ्या घालत चघळतो, आणि ती खोली आपल्याला क्षणभरही कंटाळवाणी होत नाही.

न होण्याचे कारण आहे पडदा. चित्रपटाचा नव्हे, खिडकीचा. टेकडीवरचे हे घर खालच्या दाट वस्तीतून सरळ दिसते आणि अपहरणकर्ता तिथूनच डोळा लावून बसलेला असतो. दुकानातून सामान पोचवणाऱ्या माणसांच्या वेषात आलेले पोलीस खिडकीचे पडदे ओढून घेतात. मग फोनवरून पडदे उघडण्याचा हुकूम येतो, आणि ते सरकताच कायद्याचे हे सगळे रक्षक जमिनीवर आडवे होतात, सोफ्यामागे दडतात. त्या लांबरुंद चौकटीत उभा राहतो एकटा गोंदो, आणि त्याच्या पायाशी सरपटणारे पोलीस. कोण वर आणि कोण खाली, याचा सगळा हिशेब कुरोसावा एकही शब्द न खर्चता नुसत्या माणसांच्या जागांवरून मांडतात.

आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो. खंडणीची रक्कम सात सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या बॅगांतून आणायची, अशी अट पडते. पोलिसांना त्या बॅगांच्या अस्तरात दोन पुड्या लपवायच्या असतात: एक पाण्यात पडली तर उग्र वास देणारी, दुसरी जळली तर रंगीत धूर सोडणारी. गोंदो आपली जुनी हत्यारपेटी मागवतो, जमिनीवर बसतो आणि स्वतःच अस्तर उसवून शिवू लागतो. लक्षाधीश संचालक बाजूला सरतो आणि त्या जागी एक चांभारकाम जाणणारा कारागीर दिसू लागतो. भोवतीचे पोलीस गप्प होतात. सुरुवातीला बूट फाडणारे तेच हात आता टाका घालत आहेत, हे कोणी बोलून दाखवत नाही. आपल्याला ते आपोआप उमगते, आणि या माणसाबद्दल आपल्या मनात आदर दाटून येतो.

ती सात सेंटिमीटरची अट कशासाठी, याचे उत्तर मिळते धावत्या 'कोदामा' एक्सप्रेसमध्ये. गाडीच्या प्रसाधनगृहातली खिडकी तेवढीच उघडते! बंद खोलीत तासभर कोंडलेला कॅमेरा एकाएकी वेगात फेकला जातो, गाडीतल्या फोनवरून सूचना येतात, नदीवरचा पूल जवळ येत जातो आणि श्वास घ्यायचे भान राहत नाही. हा प्रसंग खरोखरच्या धावत्या गाडीत चित्रित झाला आहे, आणि तिचा प्रत्येक हादरा पडद्यावर जाणवतो.

यानंतर चित्रपट पोलिसांचा होतो. तात्सुया नाकादाई यांचा इन्स्पेक्टर तोकुरा शांत, नेटका, जराही आरडाओरड न करणारा. ताकेउची नावाचा गुन्हेगार आपल्याला मध्यावरच दिसतो, तोही आधी घाणेरड्या पाण्यातल्या प्रतिबिंबात. तरी उत्कंठा तसूभर ओसरत नाही, कारण आता गंमत शोधाच्या पद्धतीत आहे. सुटून आलेल्या मुलाने काढलेल्या चित्रातला फुजी पर्वत आणि समुद्र, फोनच्या ध्वनिमुद्रणात मागे ऐकू येणारा लोकल ट्रामचा आवाज, तो ऐकताच मार्ग ओळखणारा रेल्वेचा माणूस! घामेजलेल्या पोलिसांची बैठक भरते आणि एकेक जण उठून आपापला अहवाल वाचतो. कागदावर हे रुक्ष वाटेल. पडद्यावर ती बैठक एखाद्या रंगलेल्या मैफलीसारखी चढत जाते.

आणि एक दिवस, संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात, एका धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. चित्रपटभर रंग आहे तो एवढाच. गोंदोने शिवलेला तो टाका अखेर शहराच्या आकाशात उमटलेला असतो.

नशेबाजांच्या गल्लीतला प्रसंग मात्र मला थोडा नाटकी वाटतो. तिथली माणसे भुतांसारखी वावरतात, आणि इतक्या वास्तव चित्रपटात ते जरा खटकते. तुरुंगातली शेवटची भेट त्याची पुरेपूर भरपाई करते. काचेच्या दोन बाजूंना गोंदो आणि ताकेउची बसतात आणि एकाचा चेहरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो. तिथे काय बोलणे होते, ते मी सांगणार नाही.

चित्रपट १४३ मिनिटांचा आहे. रहस्याची आवड असेल, तर एक संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि कृपा करून तो मोबाइलवर पाहू नका. चौकटीच्या अगदी कडेला, मान खाली घालून उभा असलेला तो ड्रायव्हर छोट्या पडद्यावर दिसायचाच नाही.