व्याख्यानाचा मान आणि नवा संशोधक

विद्यापीठाच्या जीवनात पारितोषिक आणि व्याख्यान हे दोन निरनिराळे मान आहेत. पारितोषिक झालेल्या कामाबद्दल मिळते आणि ते स्वीकारताना चार शब्द आभाराचे बोलले की भागते. व्याख्यानाचा मान मात्र स्वीकारणाऱ्याच्या माथी नवे काम ठेवतो. त्याला तासभर उभे राहून आपला विषय जाणत्यांसमोर मांडावा लागतो आणि प्रश्न आले तर उत्तरे द्यावी लागतात. गेल्या काही दशकांत अनेक देशांतील विद्यापीठांनी व विद्वत्संस्थांनी या प्रकाराला एक वेगळा हेतू जोडला आहे. प्रयोगशाळेत ज्यांची संख्या थोडी आहे अशा समाजगटांतील, विशेषतः संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेल्या शास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्या व्याख्यानालाच पुरस्काराचे रूप द्यावे, हा तो हेतू होय. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु हेतूची स्तुती म्हणजे संस्थेचे परीक्षण नव्हे, आणि या संस्थेचे परीक्षण अद्याप फारसे झालेले नाही.

या परीक्षणाला आरंभ करण्यास गटिंगेन विद्यापीठातील एक जुनी सूचना उपयोगी पडते. एमी न्योथर या गणितज्ञ विदुषीला 1915 मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी तेथे बोलावून घेतले. स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास विद्यासभेतील अनेकांचा विरोध होता. तेव्हा 1916-17 च्या हिवाळी सत्रातील तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर झाली आणि तिचा उल्लेख केवळ साहाय्यक म्हणून आला. 1919 मध्ये तिला स्वतःच्या नावाने शिकविण्याचा अधिकार मिळाला, पण त्यानंतरही काही वर्षे वेतन मिळाले नाही. म्हणजे व्यासपीठ तिला होते, श्रोते होते, विषय तर तिचाच होता. नव्हते ते फलकावरचे नाव. व्यासपीठ देणे आणि मान देणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल.

अमेरिकेतील स्त्री-गणितज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये न्योथरच्या नावाने व्याख्यानमाला सुरू केली. ती उत्तम प्रतिष्ठा पावली आहे. पण तिचा मान बहुधा ज्यांचे कार्य आधीच मान्य झालेले असते त्यांच्याकडेच जातो. जिचे नाव फलकावर लागत नव्हते तिच्या नावाच्या फलकावर आता नामवंतांचीच नावे लागतात. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2003 पासून देऊ केलेल्या रोझलिंड फ्रँकलिन पुरस्काराची रचना याहून अधिक विचारपूर्वक केलेली दिसते. त्यात व्याख्यान आहे, पदक आहे, शिवाय अनुदानही आहे. मात्र ते अनुदान विज्ञानात स्त्रियांचा सहभाग वाढविण्याच्या एखाद्या उपक्रमावर खर्च करावयाचे असते. येथे टीकाकाराला थोडे थांबावे लागते. पुरुष शास्त्रज्ञाला पुरस्कार मिळाला की त्याला आणखी संशोधन करण्याची मोकळीक मिळते. स्त्री शास्त्रज्ञाला मिळाला की तिच्याकडून आणखी समाजकार्याची अपेक्षा केली जाते. उपक्रम चांगला असला, तरी तो चालविण्याचा भार नेमका त्याच खांद्यावर का, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला या विषयाचा एक स्वतःचा दाखला आहे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागण्यास गेल्या. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याकारणाने नकार दिला. आग्रहानंतर प्रवेश मिळाला तो एक वर्षाच्या अटीवर. त्या काळात त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नव्हत्या. वर्षाअखेर त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी या द्रव्याचे अस्तित्व त्यात दाखविले होते. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कडधान्ये व नीरा यांसारख्या गरिबांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले; त्या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना पुष्कळ विलंबाने लाभले. 1998 मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत निवर्तल्या. तेव्हा त्यांचे वय 86-87 होते. या दोन टोकांकडे, म्हणजे बावीसाव्या वर्षीच्या अटीकडे आणि आयुष्याच्या अखेरच्या सत्काराकडे, एकत्र पाहिले तर आरंभीच्या काळात मान देण्याची आवश्यकता निराळी सिद्ध करावी लागत नाही. ज्या वयात एका तासाच्या व्याख्यानाने पुढील दहा वर्षांचा मार्ग सुकर होतो, त्या वयात त्यांच्या वाट्याला परीक्षाकाळ आला.

तथापि व्याख्यानाने सारे साधते असेही नाही. भीमराव आंबेडकर यांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. वय पंचवीस, पाठीशी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती. पुढल्या वर्षी मे महिन्यात तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. नव्या संशोधकाला याहून चांगला आरंभ कोणता हवा? पण त्याच 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला राहावयास जागा मिळेना आणि पारशी सराईतून त्याला बाहेर पडावे लागले. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी पाण्याच्या एका भांड्यावरून आक्षेप घेतला. श्रोत्यांनी निबंध ऐकला, संपादकाने छापला. भांडे मात्र वेगळेच राहिले. व्याख्यानाचा मान देणाऱ्या विद्यापीठाने व्याख्यात्याला दुसऱ्या दिवशी कोठे बसावयाचे आहे, हे ठाऊक करून घ्यावयास हवे, असे या दाखल्यावरून दिसते.

स्वतंत्र भारतातील पुरस्कारांची कथा फार वेगळी नाही. शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक 1958 पासून दिले जाऊ लागले आणि 1961 मध्ये असीमा चॅटर्जी यांच्या रूपाने ते प्रथम एका स्त्रीला मिळाले. त्यानंतरच्या साठ वर्षांत विजेते शेकडो झाले, त्यांत स्त्रिया विसाच्या आसपासच राहिल्या. या पारितोषिकाला वयाची मर्यादा पंचेचाळिसाची होती. ती सर्वांना सारखी, म्हणून न्याय्य, असा समज आहे. परंतु जिची उमेदीची वर्षे बाळंतपणात आणि संसारात गेली, किंवा ज्याने बहीणभावांची लग्ने उरकून मग प्रबंधाला हात घातला, त्यांच्या बाबतीत जन्मतारीख हे विद्येच्या वयाचे माप कसे ठरेल? रोहिणी गोडबोले व राम रामस्वामी यांनी संपादित केलेल्या आणि 2008 मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने प्रकाशित केलेल्या 'लीलावतीज डॉटर्स' या ग्रंथात सुमारे शंभर शास्त्रज्ञ स्त्रियांची चरित्रे आहेत. ती एकापुढे एक वाचली की खंड पडलेली वर्षे हाच त्यांतील वारंवार भेटणारा विषय आहे, असे ध्यानात येते.

आता सोलापूरकडे वळावयास हरकत नाही. येथील विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले, 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करते, आणि त्याचे क्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरला आणि त्याआधी पुण्याला जोडलेली होती. म्हणजे ज्ञानाचे केंद्र सदैव दुसऱ्या गावी असावयाचे. या शहरात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि प्रयोगशाळेत इंग्रजी असा प्रवास करणारे विद्यार्थी वर्गावर्गात भेटतात. यंत्रमागावरच्या वडिलांची आणि विड्या वळणाऱ्या आईची मुलगी रसायनशास्त्रात पदव्युत्तर परीक्षा देते, ही येथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नवल वाटते ते पुढे. ती व्यासपीठावर दिसते ती ईशस्तवनाला, सूत्रसंचालनाला, आणि फार झाले तर आभारप्रदर्शनाला. व्याख्यान द्यावयास पाहुणे पुण्यामुंबईहून येतात, त्यांना सोलापुरी चादर दिली जाते, आणि तीच मुलगी ते तबक धरून उभी असते. (चादर विणणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, हा प्रश्न वेगळा.)

महाराष्ट्रातील विद्यापीठांत 2006 पासून 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन भरते. त्याने विद्यार्थ्यांना बोलते केले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ती स्पर्धा आहे. मोजक्या मिनिटांत, परीक्षकांच्या तोंडाकडे पाहत, भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून केलेले निवेदन आणि तासभराचे व्याख्यान यांत जातीचा फरक आहे. स्पर्धेत बोलणारा गुण मागतो. व्याख्यानात तो मत मांडतो. आपला प्रयोग कोठे फसला, कोणती शंका अद्याप फिटलेली नाही, हे सांगण्याची मुभा स्पर्धेत नसते आणि शास्त्राचे खरे शिक्षण तर तेथेच असते.

राखीव व्यासपीठाने व्याख्यात्याची प्रतिष्ठा कमी होते, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणारे सारेच दुष्ट हेतूचे नसतात. आपल्याला विषयासाठी बोलावले की जन्मासाठी, ही शंका स्वाभिमानी तरुणाला टोचते. पण हा दोष व्याख्यानाचा नसून जाहिरातीचा आहे. फलकावर व्याख्यात्याचे नाव आणि विषयाचे शीर्षक एवढेच असावे; कोणत्या गटासाठी हा मान राखला आहे, हे निवड समितीने आपल्या दप्तरात ठेवावे. ती समितीही एकाच विभागाच्या ज्येष्ठांची नसावी. ज्येष्ठांना आपल्याच शिष्याची गुणवत्ता अधिक स्पष्ट दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे.

विषयांची तर येथे वाण नाही. 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारे केंद्र या शहरात आहे. केगावला विद्यापीठाच्या शेजारीच डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. नान्नजचा माळढोक, मालदांडी ज्वारी, कापडगिरण्यांच्या रंगांनी दूषित झालेले पाणी, ही सारी संशोधनाची द्रव्ये हाताशी आहेत. या विषयांवर जिल्ह्यातील तरुण संशोधकाने मराठीत एक तास बोलावे, आणि त्या मानासोबत त्याला केवळ धनादेश न देता दूरच्या प्रयोगशाळेतील उपकरणावर काही आठवडे काम करण्याची सोय आणि प्रवासखर्च द्यावा. व्याख्यान विभागाच्या पत्रिकेत संपूर्ण छापावे, सारांशाने नव्हे. आंबेडकरांचा निबंध वर्षभरात छापून आला म्हणूनच तो आज वाचता येतो. आणि व्याख्यानानंतरचा अर्धा तास प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा. अध्यक्षीय समारोप त्या दिवशी टाळला तरी चालेल.