मर्यादित आवृत्ती आणि ग्रंथाची मर्यादा

ग्रंथसंग्रह हा वाङ्मयप्रेमाचा एक आविष्कार आहे, हे सहसा कोणी नाकारणार नाही. परंतु संग्राहक ग्रंथावर प्रेम करतो म्हणजे नेमके कशावर प्रेम करतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अभिजात कादंबऱ्यांच्या चामड्याने मढविलेल्या, मोजक्याच प्रती काढलेल्या आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक घातलेल्या आवृत्त्या जमविण्याची आवड इंग्लंड-अमेरिकेत चांगली रुजली आहे. तिचा विचार करू लागताच हा प्रश्न समोर उभा राहतो. अशा आवृत्तीला आपण मराठीत ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणतो, आणि हा प्रतिशब्द मूळ शब्दाहून अधिक अर्थपूर्ण ठरला आहे. मूळ शब्दात केवळ संख्येचे बंधन आहे. आपल्या ‘मर्यादा’ या शब्दात मात्र सीमेबरोबरच औचित्याचाही भाव आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, संख्येची मर्यादा ही गौण असून औचित्याची मर्यादा ही प्रधान होय. आणि ही दुसरी मर्यादा जेथे पाळली गेली नाही, तेथे पहिलीला बाजारात कितीही भाव आला तरी वाङ्मयीन मोल येत नाही.

हे केवळ तत्त्वचर्चेने सिद्ध करू पाहण्यापेक्षा एकाच कादंबरीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे अधिक उपकारक होईल. त्यासाठी हर्मन मेलव्हिल या अमेरिकन कादंबरीकाराची ‘मोबी-डिक’ ही कृती घेऊ. ज्या शुभ्र देवमाशाने आपला पाय तोडला त्याचा सूड घेण्यासाठी जहाज आणि खलाशी यांचा सर्वनाश ओढवून घेणाऱ्या कप्तान एहॅबची ही कथा सुपरिचित आहे. तथापि तिची निवड करण्याचे कारण कथेत नाही. ही कादंबरी स्वतःच ग्रंथ, कातडे आणि चित्र यांचा अखंड विचार करते, हे ते कारण होय. बत्तिसाव्या प्रकरणात कथानिवेदक इश्माएल देवमाशांचे वर्गीकरण करतो, ते ग्रंथांच्या आकारांवरून: मोठे ते फोलिओ, मध्यम ते ऑक्टेव्हो आणि लहान ते ड्युओडेसिमो. पुढे अडुसष्टाव्या प्रकरणात तो देवमाशाचे कातडे म्हणजे नेमके काय, याची चर्चा करतो. सर्वांत वरचा जो पारदर्शक पापुद्रा, त्याचे वाळलेले तुकडे आपण देवमाशांविषयीच्या पुस्तकांत खुणेसाठी घालतो, असे तो सांगतो. आणि छापील पानावर तो पापुद्रा ठेवला असता त्यातून अक्षरे किंचित मोठी दिसतात, अशी कल्पना करण्यात आपल्याला मौज वाटते, असेही तो म्हणतो. ग्रंथावरील कातड्याने काय करावे, याचे याहून नेमके दिग्दर्शन दुसरीकडे सापडणे कठीण आहे. कातडे अक्षर झाकते की मोठे करते, हीच सर्व आवृत्त्यांची कसोटी मानावयास हरकत नाही.

आता पहिल्या आवृत्तीकडे वळू. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटली यांनी ही कादंबरी ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत प्रसिद्ध केली. प्रती छापल्या अवघ्या ५००. बांधणी चामड्याची नसून कापडाची होती. पण ते निळे आणि शुभ्र कापड आणि पाठीवरचा सोनेरी देवमासा यांमुळे ती त्या काळच्या कादंबऱ्यांत उठून दिसणारी होती. आज ही आवृत्ती संग्राहकांच्या दृष्टीने अमोल आहे. परंतु पाठीवरील तो सोनेरी देवमासा ‘राइट’ जातीचा आहे आणि कादंबरीतील देवमासा आहे ‘स्पर्म’ जातीचा! याच कादंबरीच्या पंचावन्नाव्या प्रकरणात देवमाशांच्या खोट्या चित्रांची हजेरी घेताना इश्माएलने पुस्तकबांधणाऱ्यांच्या सोनेरी देवमाशाचीही थट्टा केली आहे. म्हणजे बांधणाऱ्याने आपण जे पुस्तक बांधीत आहोत ते वाचलेच नव्हते, अशी साक्ष त्या पुस्तकाच्या पाठीवरच उमटली.

दोष एवढ्यावरच थांबत नाही. या आवृत्तीतून धर्म आणि राजपद यांविषयीचे अनेक उल्लेख गाळले गेले. आणि इश्माएल कसा वाचला हे सांगणारा उपसंहार तर तीत मुळीच नाही. सर्वच बुडाले तर कथा सांगतो कोण, असा आक्षेप तेव्हाच्या काही इंग्रज परीक्षकांनी घेतला, तो या उणिवेमुळे. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या हार्पर यांनी काढलेल्या एकखंडी, साध्या आवृत्तीत हा उपसंहार आहे. तेव्हा दुर्मिळ, देखणी आणि अपुरी प्रत एकीकडे व साधी पण पूर्ण प्रत दुसरीकडे, असा हा सामना कादंबरीच्या जन्मापासूनच आहे. हार्परच्या शिल्लक प्रतींपैकी कित्येक डिसेंबर १८५३ च्या आगीत जळाल्या. १८९१ मध्ये मेलव्हिल वारला तेव्हा वाचक त्याला जवळजवळ विसरले होते. म्हणजे या पहिल्या आवृत्त्यांची दुर्मिळता कोणी योजिलेली नसून ती उपेक्षेतून आलेली आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

योजिलेली दुर्मिळता आली ती विसाव्या शतकात. मेलव्हिलचा पुनःशोध लागल्यानंतर १९३० मध्ये शिकागोच्या लेकसाइड प्रेसने रॉकवेल केंट या चित्रकाराच्या रेखाटनांसह तीन खंडांची आवृत्ती काढली. तिच्या १,००० प्रती अल्युमिनियमच्या पेट्यांतून विकल्या गेल्या. त्याच वर्षी रँडम हाउसने तीच चित्रे घेऊन एकखंडी स्वस्त आवृत्ती काढली आणि ही कादंबरी सामान्य वाचकांच्या घरात पोहोचविण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. मात्र या स्वस्त आवृत्तीच्या आवरणावर चित्रकाराचे नाव झळकले आणि मेलव्हिलचे नावच राहून गेले! आवरणाने ग्रंथ झाकण्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

याच सुमारास, १९२९ मध्ये, जॉर्ज मेसी यांनी अमेरिकेत ‘लिमिटेड एडिशन्स क्लब’ स्थापन करून सभासदांसाठी प्रत्येक ग्रंथाच्या सामान्यतः १,५०० प्रती काढण्याची प्रथा पाडली. या मंडळाने १९४३ मध्ये बोर्डमन रॉबिन्सन यांच्या चित्रांसह ‘मोबी-डिक’ प्रसिद्ध केली. पुढे कनेटिकट राज्यातील ईस्टन प्रेसने ‘शंभर श्रेष्ठ ग्रंथां’च्या आपल्या मालेत हीच चित्रे घेऊन चामडी बांधणीची प्रत वर्गणीदारांना पुरविली. या मालेतील ग्रंथांचे बाह्यांग ठरलेले आहे: संपूर्ण चामडे, तिन्ही कडांना सोनेरी मुलामा, आत लहरदार चमकेची अस्तरपाने, खुणेसाठी रेशमी फीत आणि पाठीवर आडवे उंचवटे. या उंचवट्यांचा इतिहास उद्बोधक आहे. हातबांधणीत पुस्तकाचे फर्मे जाड दोऱ्यांवर शिवीत आणि वर चामडे ताणून बसविले की ते दोरे पाठीवर उठून दिसत. उंचवटा हा शिवणीचा पुरावा होता. यंत्राच्या बांधणीत त्याचे हे प्रयोजन संपले आणि तो निव्वळ शोभेसाठी उरला. ज्याच्या मुळाशी काही कार्य होते तो अवयव येथे अलंकार झाला. आणि एहॅबचे उन्मत्त तांडव असो की जेन ऑस्टिनची संयत घरगुती विनोदबुद्धी असो, मालेतील सर्वांना जवळजवळ एकच राजवेष चढविला गेला. क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. त्या दृष्टीने पाहता येथे अलंकार विपुल आहेत, उणीव आहे ती औचित्याची.

याउलट १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अँड्र्यू हॉयेम यांच्या एरियन प्रेसने काढलेली आवृत्ती पाहावी. प्रती २६५, त्यांपैकी २५० विक्रीसाठी. कागद हातकागद, अक्षरे एकेक खिळा हाताने जुळवून बसविलेली, आकार फोलिओ, बांधणी निळ्या बकरीच्या कातड्याची. एवढे वर्णन ऐकून हीही श्रीमंतांची हौसच, असे कोणी म्हणेल. परंतु चित्रांकडे वळताच भेद स्पष्ट होतो. बॅरी मोझर यांनी लाकडावर कोरलेली शंभर चित्रे या आवृत्तीत आहेत. आणि कथेतील नाट्यप्रसंग व प्रमुख पात्रे चितारावयाची नाहीत, असे बंधन त्यांच्यासाठी ठरविण्यात आले होते. त्यामुळे चित्रांत जहाजे आहेत, भाले आणि दोरखंड आहेत, शिकारीची साधने आणि बंदरे आहेत, देवमाशांच्या जाती आहेत. एहॅबचा चेहरा वाचकाने स्वतः पाहावयाचा आहे. ज्या कादंबरीने खोट्या चित्रांवर प्रकरण खर्ची घातले, तिच्या चित्रकाराने पाळावयाची हीच मर्यादा होती. इश्माएलच्या वर्गीकरणात स्पर्म जातीच्या देवमाशाला फोलिओंमध्ये पहिले स्थान आहे. त्याच्या कथेला फोलिओ आकार देणे हेही वाचनातून स्फुरलेले दिसते. शिवाय हाताने जुळणी करून हातकागदावर छापावयाचे म्हटले की प्रतींची संख्या श्रमानेच मर्यादित होते. विक्रेत्याने ती कागदावर ठरवावी लागत नाही. आणि महत्त्वाचे असे की, १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने हीच रचना लहान आकारात सर्वांसाठी उपलब्ध करून दिली. जी दृष्टी चामड्याशिवायही टिकते ती ग्रंथाची, आणि जी चामड्याबरोबर संपते ती दुकानाची, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

चामडे टिकाऊ असते, सबब अशी प्रत पिढ्यान्‌पिढ्या राहील, हा संग्राहकांचा दुसरा युक्तिवाद. त्याचीही परीक्षा झालेली आहे. एकोणिसाव्या शतकातील चामडी बांधणी झपाट्याने झडू लागल्यामुळे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने समिती नेमून चौकशी केली आणि १९०१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीने सुमाकच्या पानांनी कमावलेले कातडे दीर्घकाळ टिकते. परंतु हिंदुस्थानातून येणारी मेंढ्या-शेळ्यांची स्वस्त कातडी ग्रंथबांधणीस अत्यंत अयोग्य होत, असा तिचा निष्कर्ष होता. ज्या सालींनी कमावलेले कातडे असे लवकर जीर्ण होते, त्यांत तिने तरवडाच्या सालीचीही गणना केली आहे. दख्खनच्या माळावर पिवळ्या फुलांनी लवलेले तरवडाचे झुडूप आपल्या सर्वांच्या ओळखीचे. त्याच्या सालीचे कातडे चपलेस आणि मोटेस उत्तम. पण ग्रंथाच्या पाठीवर त्याची लाल भुकटी होते. जुन्या ग्रंथालयातील इंग्रजी खंड हाताळल्यावर बोटांना लागणारी तांबूस पूड ही बहुधा अशा कातड्याच्या क्षयाचीच असते. तात्पर्य, चामडे आहे एवढ्याने आयुष्य मिळत नाही. ते कोणी, कसे आणि कशासाठी कमावले यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या परंपरेत पोथीला चामडे नव्हते. सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती बासन, एवढाच तिचा संभार. बासन सोडल्यावाचून वाचन नाही आणि वाचन संपल्यावर पुन्हा बासन, असा तो क्रम होता. परंतु त्याच बासनावरून ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ हा वाक्प्रचारही आपल्या भाषेने दिला, हे विसरता कामा नये. जतन आणि विस्मृती या दोहोंचे साधन एकच असू शकते, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. न उघडलेली चामडी प्रत ही सोनेरी कडांच्या बासनातील कादंबरीच होय.

याचा अर्थ संग्राहकांचे ऋण नाकारावे असा नव्हे. बेंटलीची ती सदोष आवृत्ती काहींनी जपून ठेवली, म्हणूनच पुढे संपादकांना ती हार्परच्या आवृत्तीशी ताडून पाहता आली. १९८८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि न्यूबेरी ग्रंथालय यांनी सिद्ध केलेली चिकित्सक संहिता या ताडणीवरच उभी आहे. सदोष प्रतीचेही जतन संहितेच्या कामी येते. अट एवढीच की ते जतन अभ्यासासाठी असावे.

हा विषय आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेरील आपल्या जुन्या मराठी ग्रंथालयांपुढे निधी अल्प आणि जागा अपुरी हा प्रश्न नित्याचाच आहे. अशा वेळी देणगीत आलेले सोनेरी कडांचे खंड काचेच्या कपाटात बसतात आणि कागदी पुठ्ठ्याच्या जीर्ण मराठी कादंबऱ्या रद्दीच्या वाटेला लागतात. किंवा पुनर्बांधणी करताना त्यांची मूळ वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकली जातात. या पानांतच त्या कादंबरीच्या जन्मकाळाची साक्ष असते. म्हणून कोणतीही प्रत स्वीकारताना, ठेवताना वा काढून टाकताना आपण तीन गोष्टी विचाराव्यात: हिच्यातील संहिता कोणती व ती पूर्ण आहे काय, हिच्या बांधणीने वा चित्रांनी ग्रंथाचे काही वाचन केले आहे काय, आणि ती वाचकाच्या हाती जाणार आहे काय. या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर चामड्याचा खंडही अवश्य घ्यावा. न मिळाला तर विद्यार्थ्याच्या हाती पूर्ण संहितेची कागदी प्रत द्यावी आणि तेवढ्याच पैशांत आपल्या एखाद्या जुन्या कादंबरीची पहिली आवृत्ती, तिच्या फाटक्या वेष्टनासह, नीट जतन करावी.