कीर्तन किती किलोबिटचे?

मेमरी कार्डात गाणी भरून देणे हा साधारण २००५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतला चालता धंदा होता. मोबाइल रिचार्जच्या दुकानात एक संगणक, त्यात जमवलेली हजारो गाणी आणि बाहेर पाटी. देगलूरसारख्या गावात, जिथून तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही जवळ, एकाच कार्डात भीमगीते, तेलुगू सिनेमाची गाणी, कव्वाली आणि वारकरी कीर्तन शेजारी शेजारी नांदत. गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असे : किती बसतील? उत्तर बहुधा बिटरेट उतरवून दिले जाई. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हा धंदा ओसरला. त्या काळात हलकी केलेली ध्वनिमुद्रणे मात्र अजून या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरत आहेत. आपल्या संगीतसमीक्षेने घराण्यांवर आणि रागांवर भरपूर लिहिले, पण गाणे ज्या रूपात बहुसंख्य कानांपर्यंत पोचले त्या रूपाकडे फारसे पाहिले नाही. बिटरेट उतरवणे ही केवळ जागेची काटकसर नाही, ते संपादन आहे. संपादन म्हटले की त्याची समीक्षा व्हायला हवी.

आधी हिशेब पाहू. सीडीवरच्या आवाजाला दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला दहा एमबीहून थोडे अधिक. एमपीथ्री १२८ किलोबिटवर केली की मिनिटाला एक एमबीपेक्षा किंचित कमी. दोन जीबीच्या कार्डात १२८ ने सुमारे ३४ तास मावतात, ६४ ने त्याच्या दुप्पट, ३२ ने चौपट. दोन तासांचे कीर्तन १२८ ने ११५ एमबी होते, ३२ ने २९. ज्याच्याकडे एकच लहान कार्ड आहे आणि गावात इंटरनेट धड चालत नाही, त्याने २९ निवडले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या काटकसरीमुळेच ज्यांना कॅसेटचा संग्रह कधी परवडला नव्हता त्यांच्या खिशात शेकडो गाणी आली.

पण या हिशेबात गळते काय? एमपीथ्रीचे तत्त्व असे की मोठ्या आवाजाच्या आड त्याच्या जवळपासचा लहान आवाज कानाला जाणवत नाही. तो ढोबळपणे नोंदवला किंवा सोडून दिला तरी चालते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र घडवले; .एमपीथ्री हे फाइलचे नाव १९९५ च्या जुलैत ठरले. चाचणीसाठी त्यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे साथीविना गायलेले गाणे वापरले, कारण एकट्या गळ्यातला बिघाड लगेच कळतो. आमच्या संगीताचा विचार त्यांनी केला नाही, ही तक्रार सोपी आहे, पण ती पुरती खरी नाही. स्पॅनिश कॅस्टनेटही त्यांच्या चाचण्यांत होते, आणि कॅस्टनेट म्हणजे आपल्या चिपळ्यांच्याच कुळातले वाद्य. अशा एकदम उमटणाऱ्या आघाताआधीच त्याची पुसट फरफर ऐकू येते, हा दोष त्यांना ठाऊक होता आणि पुरेसे बिट दिले तर तो आटोक्यात राहतो. प्रश्न यंत्राच्या जन्मगावाचा नाही. पुरेसे बिट दिले की नाही, एवढाच आहे.

३२ किलोबिटवर ते पुरत नाहीत. बहुतेक वेळा दोन बाजूंचा आवाज एकत्र केला जातो आणि वरच्या कंपनांचा मोठा पट्टा कापला जातो. हलगीच्या काडीची धार बोथट होते. तंबोऱ्याचा अखंड स्वर पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो. सगळ्यात जास्त मार बसतो तो टाळाला. पितळेची झंकार बरीचशी वरच्याच कंपनांत असते. ती जाते आणि मागे उरते नुसती सळसळ. माणसाच्या बोलण्याला मात्र फारसा धक्का लागत नाही.

हा फरक देगलूरच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. या गावाचे नाव धुंडामहाराज देगलूरकरांमुळे वारकरी घरांत आदराने घेतले जाते. वारकऱ्यांत प्रवचन आणि कीर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवचन बसून होते, त्यात शब्द आणि अर्थ प्रधान. कीर्तनकार उभा राहतो, मागे टाळकरी, बाजूला मृदंग. अभंगाचे चरण टाळकरी उचलतात, लय चढते, आणि निरूपण त्या लयीतून पुन्हा वर येते. ३२ किलोबिटच्या फाइलीत निरूपणाचा शब्द न् शब्द कळतो, पण टाळकरी भिंतीपलीकडे गेल्यासारखे होतात. म्हणजे कीर्तनाचे प्रवचन होते. प्रकारच बदलतो, आणि फाइलीवर नाव मात्र 'कीर्तन' असेच राहते. ज्याने प्रत्यक्ष कीर्तन ऐकले आहे तो उरलेले मनाने भरून घेतो. ज्याची ओळखच या फाइलीतून होते, त्याला कीर्तन म्हणजे अधूनमधून गाणे असलेले भाषण वाटले तर दोष कुणाचा?

यावर एक आक्षेप येईल : ७८ फेऱ्यांच्या तबकडीने तरी काय केले? तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल बसवायला लावला. खरे आहे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकडीसाठी गाताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे स्वतः ठरवले. ती काटछाट कलावंताची होती, म्हणून त्या तीन मिनिटांनाही एक आकार आहे. इथली काटछाट गायकाला ठाऊक नसते, श्रोत्याला सांगितली जात नाही, आणि करणाऱ्याचे लक्ष फक्त उरलेल्या जागेवर असते.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. गाळलेला आवाज परत येत नाही. ६४ ची फाइल पुन्हा ३२० ने साठवली तर आकार वाढतो, आवाज सुधारत नाही. उलट दर फेरीला आणखी काही गळते. सिनेगीतांची मूळ मुद्रणे कंपन्यांकडे असतात, त्यांची प्रत बिघडली तरी चिंता नाही. गावच्या सप्ताहातले कीर्तन, जलशातली हलगी, म्हातारीची ओवी यांची बहुधा एकच नोंद असते. ती उतरवून घेतली, मूळ कॅसेट टाकून दिली, की खिशातली हलकी प्रत हेच मूळ होऊन बसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्यासारख्या अभ्यासकाने त्यांतल्या कित्येक काळजीपूर्वक ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून आज त्या आवाजासह ऐकता येतात. नुसत्या अक्षरांवरून त्या गळ्यांचा अंदाज आला नसता.

म्हणून हलकी प्रत करू नये असे नाही. प्रवचनाला ६४ पुष्कळ झाले. टाळ-मृदंग असेल तर १२८ च्या खाली उतरू नये. आणि मूळ नोंद, न गाळता, वेगळी ठेवावी : सीडीच्या दर्जाचा तासभर आवाज सुमारे ६३५ एमबी घेतो, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर असे दीड हजार तास मावतात. अनेक मंदिरांच्या, भजनी मंडळांच्या आणि वाचनालयांच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. कपाटातल्या कॅसेटींची फीत चिकटण्याआधी ती करायला हवी.