वीजबाजारातील बोली आणि भाव

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. लिलावातील ‘बोली’ मात्र बोलण्याशी नाते सांगणारी, घरचीच आहे. बोली हे एक विधान असते आणि कोणतेही विधान ते ऐकणाऱ्याच्या नियमानुसार घडत जाते. इंग्लंड व वेल्स येथील घाऊक वीजबाजारात २००१ मध्ये जी सुधारणा झाली, तिच्या समर्थनार्थ पुढे केलेल्या एका युक्तिवादात नेमकी हीच गोष्ट निसटली आहे.

१९९० मध्ये तेथे ‘पूल’ नावाची व्यवस्था सुरू झाली. तीत उत्पादक दुसऱ्या दिवसाच्या विजेसाठी आदल्या दिवशी बोली देत. प्रत्येक अर्ध्या तासाची मागणी, स्वस्त बोलीपासून चढत जाता, ज्या संचापाशी पुरी होई, त्याच्या बोलीवरून मुख्यतः सर्वांचा भाव ठरे. मार्च २००१ मध्ये ही व्यवस्था जाऊन परस्पर करारांची व्यवस्था आली. आणि आयत्या वेळची तूट किंवा आधिक्य भरून काढणाऱ्या बाजारात ज्याची जी बोली तोच त्याचा भाव, असा नियम झाला. वीस पौंडांत वीज देऊ म्हणणाऱ्यास पन्नास पौंड का द्यावेत, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो.

परंतु तो उत्पादक वीस म्हणतो, ते पन्नास मिळणार असतात म्हणून! एकसमान भाव असताना आपला खरा खर्च सांगण्यात लहान उत्पादकाचे काहीच जात नाही. नियम पालटला की तो खर्च सांगणे सोडून अंतिम भावाचा अंदाज सांगू लागतो. वीसच्या जागी अठ्ठेचाळीस म्हणतो. अंदाज चुकला तर स्वस्त संच बंद राहून महाग संच चालतो, आणि हा तोटा कोणाच्याच पदरी लाभ म्हणून पडत नाही. शिवाय अंदाज बांधण्याची साधने मोठ्यांपाशीच अधिक. कॅलिफोर्नियातील वीजसंकटाच्या काळात आल्फ्रेड कान, पीटर क्रॅम्टन प्रभृतींनी जानेवारी २००१ मध्ये दिलेल्या अहवालाचा निष्कर्षही असाच होता: अशा बदलाने स्वस्ताई येईल, ही अपेक्षा फोल आहे.

याचा अर्थ ‘पूल’ निर्दोष होता असा नव्हे. ज्याच्या मालकीचे अनेक संच आहेत, त्याला एका संचाची बोली चढवून उरलेल्या सर्वांवर नफा घेता येतो. नॅशनल पॉवर व पॉवरजेन या दोन कंपन्यांच्या हाती दीर्घकाळ हेच सामर्थ्य होते, आणि टीकाकारांचा रोख खरे तर येथेच असावयास हवा होता. पुढे या कंपन्यांनी १९९६ मध्ये आणि १९९९ मध्ये मोठी वीजकेंद्रे इतरांच्या हाती दिली. म्हणजे नवा नियम येण्यापूर्वीच बोली देणाऱ्यांची संख्या वाढली होती. २००१ च्या सुमारास घाऊक भाव उतरले, त्याचे श्रेय नव्या नियमाला देणाऱ्यांनी ही वाढ हिशेबात कोठे धरली आहे, हे त्यांच्या मांडणीतून स्पष्ट होत नाही.