आमचा नव्वद सेकंदांचा समुद्र

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे मालवणला गेलो होतो. आई, बाबा, दादा, वहिनी, सहावीतला पुतण्या आणि मी. आखाडा बाळापूरहून नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग फोंडा घाट उतरून कोकण. एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस गाडीत. आमच्यापैकी पाच जण स्कूबा करायला पाण्यात उतरले, आई होडीतच बसली. परत आल्यावर दुकानाने एक व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून तो घरच्या ग्रुपवर, मग भावकीच्या ग्रुपवर, मग बाबांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय.

या ब्लॉगवर मी एरवी शोधनिबंध कसा वाचायचा ते लिहिते. आज हा व्हिडिओ तसा वाचून बघणार आहे. पेटच्या तयारीला लागलेल्या दोघी-तिघींनी विचारलं होतं, "ताई, क्रिटिकल रीडिंग म्हणजे नेमकं काय करायचं?" तर घ्या, ज्यात आपलेच बाबा आहेत असा मजकूर घेऊन बघू. परक्याच्या पेपरात चुका काढणं तसं सोपं असतं.

आधी वर्णन. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. एकूण नव्वद सेकंद. पहिली बारा सेकंदं ड्रोनमधून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला. पुढची साठ सेकंदं आम्ही पाच जण, प्रत्येकी बारा. मग दहा सेकंदं प्रवाळ आणि त्यावरून डावीकडून उजवीकडे वळणारा माशांचा थवा. शेवटची आठ दुकानाचं नाव आणि फोन नंबर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गाणं. पाण्याखालचा एकही आवाज नाही, आणि खरं तर तिथे सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो आपल्याच श्वासाचा घरघर आवाज.

दुकानाच्या भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘ट्रॉपिकल आयलंड’ लिहिलं होतं. कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर आहे, मालवण सोळाच्या आसपास आणि आपलं बाळापूर साडेएकोणीसच्या. म्हणजे आम्ही ट्रॉपिकलमधून ट्रॉपिकलमध्येच गेलो होतो. पण त्या शब्दाला अक्षांशाशी काही देणंघेणं नाही, त्याचा अर्थ निळं पाणी एवढाच. आणि आमच्या दिवशी पाणी निळं नव्हतं. हिरवट, थोडं गढूळ होतं. मालवणचं पाणी असं असतं, त्यात वाईट काही नाही. पण व्हिडिओतल्या ड्रोनच्या दृश्यात समुद्र गडद निळा आहे. इथे पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी आणखी दोन व्हिडिओ मागवले. एक आमच्या लॅबमधल्या ज्युनिअरचा, एक कळमनुरीच्या ओळखीच्या कुटुंबाचा. दुकानं तिन्ही वेगळी, महिने वेगळे. तिन्हींत किल्ल्याचं दृश्य तेच. प्रवाळाचंही तेच, मासे त्याच क्षणी त्याच बाजूला वळतात. म्हणजे आमच्या नव्वद सेकंदांतली बावीस सेकंदं आमच्या सहलीची नाहीतच. फोन नंबर धरला तर तीस.

संशोधनात याला प्रतिमेची पुनरावृत्ती म्हणतात आणि ती गंभीर गोष्ट आहे. एलिझाबेथ बिक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 20,621 शोधनिबंधांतली चित्रं त्यांनी डोळ्यांनी तपासली आणि 3.8 टक्के निबंधांत चित्रांची संशयास्पद पुनरावृत्ती सापडली. त्यासाठी त्यांनी कुठलंही भारी यंत्र वापरलं नव्हतं. दोन चित्रं शेजारी ठेवून बघायची, बस्स. मी तेच केलं, फक्त जेवणाच्या टेबलावर दोन मोबाईल ठेवून.

वहिनी म्हणाली, "असू दे की, छान दिसतंय ना." तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सहलीचा व्हिडिओ शोधनिबंध नसतो. लग्नाच्या कॅसेटमध्ये स्वित्झर्लंडचे डोंगर टाकायचे, तेव्हा कुणी पुरावा मागितला का? पण परवा बाबा शेजारच्या काकांना तो व्हिडिओ दाखवत होते आणि त्या प्रवाळावर बोट ठेवून म्हणाले, "हे मी पाहिलं, हाताच्या अंतरावर." बाबांनी ते पाहिलेलं नाही. त्यांनी जे पाहिलं ते करड्या-तपकिरी रंगाचं, गाळ बसलेलं, गोल दगडासारखं काहीतरी होतं. बहुधा ते पोरायटीससारखं जिवंत प्रवाळच असणार, मालवणच्या पाण्यात तसली प्रवाळं आहेत. व्हिडिओने ते पुसून त्या जागी दुसऱ्याचं, जास्त रंगीत प्रवाळ बसवलं. माझी तक्रार एवढीच आहे. खोटेपणापेक्षा ही अदलाबदल मला जास्त लागली.

आता ती मधली साठ सेकंदं, आमची. पाचही जणांचा क्रम एकच: मास्कमधले मोठे डोळे, बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक आहे’ची खूण, आणि भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा गराडा. हे सार्जंट मासे. व्हिडिओ बघणाऱ्याला वाटेल, इथे समुद्र माशांनी नुसता भरलाय. भरलेला असेलही. पण हा व्हिडिओ ते सांगू शकत नाही, कारण आम्ही उतरायच्या आधी पाण्यात पावाचे तुकडे टाकले होते. आमिष लावून मोजणी करायची पद्धत संशोधनात आहे, पण तिथे आमिष काय, किती आणि किती वेळ, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागतं. इथे पाव चौकटीच्या बाहेर आहे. ज्याने आमच्या मानेमागून सिलिंडर धरून आम्हाला स्थिर ठेवलं त्याचा हातही बाहेर. हात दिसला तर आपण तरंगत नसून कुणीतरी आपल्याला धरलंय हे कळेल.

आणि ही काही कुठलीही जागा नाही. मालवणचा हा किनारा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं. व्हिडिओत हा शब्द एकदाही येत नाही. होडीवरही कुणाच्या तोंडून आला नाही.

कुणी म्हणेल, पर्यटनाच्या धंद्याकडून एवढी अपेक्षा कशाला? मग मोठ्यांचं बघू. जाक कुस्तो आणि लुई माल यांचा ‘सायलेंट वर्ल्ड’ हा माहितीपट 1956 चा. त्याला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करही मिळालं. पाण्याखालचं जग लोकांनी पहिल्यांदा रंगीत पाहिलं ते बरंचसं या चित्रपटामुळे. त्यात एका प्रवाळ खडकावर किती मासे आहेत हे मोजण्यासाठी ही मंडळी चक्क डायनामाईट लावतात. मेलेले मासे गोळा करतात आणि मोजतात. आज ते बघवत नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: कुस्तोंनी स्फोट कॅमेऱ्यासमोर केला. पद्धत दाखवली म्हणून सत्तर वर्षांनी आपण तिच्यावर टीका करू शकतो. आमच्या व्हिडिओतल्या पावावर टीका करायची तर होडीत बसलेला साक्षीदार लागतो.

उलट टोकाला ‘माय ऑक्टोपस टीचर’, 2020 चा. क्रेग फॉस्टर वर्षभर जवळजवळ रोज एकाच जागी पाण्यात उतरतो, एकाच ऑक्टोपससाठी. मला त्यातला भावुकपणा जरा जास्त वाटतो, पण वेळ ही त्याची पद्धत आहे आणि ती पडद्यावर दिसते. आम्हाला माणशी दहा मिनिटं मिळाली.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते.

उतरण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. इंग्रजीत होता. हृदयविकार, कानाचं दुखणं, दमा वगैरे आहे का, हो किंवा नाही. बाबांना लहानपणी दमा होता, अजूनही थंडीत कधीकधी पंप लागतो. आम्ही लाइफ जॅकेट चढवत होतो तेवढ्यात तिथल्या पोराने सहाही फॉर्मवर भराभर ‘नाही’वर खुणा केल्या, आईच्याही, जी उतरणारच नव्हती. मी ते पाहिलं. बाबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "राहू दे ना बाई, एवढ्या लांबून आलो." आणि मी गप्प बसले.

मला बॉइलचा नियम अकरावीपासून येतो. दहा मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाने वाढतो. आम्ही गेलो तेवढ्या, म्हणजे पाचेक मीटरवर तो पृष्ठभागाच्या दीडपट असतो. तिथे फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना दीडपट फुगते. श्वास सोडत राहिलं तर ती निघून जाते. म्हणूनच श्वास रोखायचा नाही हा स्कूबाचा पहिला नियम. दम्यात श्वासनलिका आकसलेल्या असतील तर हवा आत अडकू शकते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, उथळ पाण्यातसुद्धा. फॉर्मवरचा तो प्रश्न उगीच नव्हता. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं असतं.

तुम्ही संशोधनाच्या नीतिमत्तेचा धडा वाचताना ‘माहितीपूर्ण संमती’ हा शब्द पाठ कराल. 1964 चं हेलसिंकी जाहीरनामं, आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यात म्हटलंय की माहिती समोरच्याला समजेल अशा भाषेत द्यायची, विचार करायला वेळ द्यायचा, नकार द्यायची मोकळीक ठेवायची. परीक्षेत हे मुद्दे लिहिले की पैकीच्या पैकी गुण. मी लिहिले होते, मिळालेही होते. आणि त्या होडीत, पैसे भरून झालेले, गाडीचा शीण अंगात, सगळे हसताहेत, अशा वेळी मोकळीक कुठे उरली होती? दुकानाने ती ठेवली नाही हे खरं. माझ्या हातात होती ती मीही वापरली नाही.

बाबांना काही झालं नाही. उलट आनंदाच्या भरात ते पाण्याखाली अंगठा वर करून दाखवत राहिले. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘मस्त’ नसतो, ‘वर चला’ असा असतो. मार्गदर्शकाने त्यांना दोनदा वर आणलं. दुसऱ्यांदा वर आल्यावर बाबा मास्क काढून खो खो हसले, नाकातून पाणी येत होतं, केस कपाळाला चिकटलेले. हे व्हिडिओत आहे, दीड-दोन सेकंदं, बहुतेक कापायचं राहून गेलेलं. सगळ्या नव्वद सेकंदांतलं हेच मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. गाण्याच्या तालाशीही ते जुळत नाही.

दुसऱ्या दिवशीचं थोडक्यात. सकाळी किल्ला. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, हा पुतण्याचा प्रश्न सहलीतला पहिला चांगला प्रश्न होता. दुपारी देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या ‘त्सुनामी आयलंड’वर. बनाना राइड, बंपर राइड, पुतण्या खूश. ते वाळूचं बेट 2004 च्या त्सुनामीनंतर वर आलं असं तिथे सगळेच सांगतात. तुम्ही काय कराल? खोटं म्हणू नका, खरंही म्हणू नका. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात, सरकतात, हे त्सुनामीशिवायही घडतं. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. लँडसॅट उपग्रहाची चित्रं 1972 पासूनची आहेत आणि 2008 पासून फुकट मिळतात. ओहोटीच्या वेळची, 2004 च्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवायची. कुणाला पदव्युत्तरच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या, मी कयाधूच्या शंखशिंपल्यांत अडकले आहे.

शेवटी आई. व्हिडिओत ती एकदाही नाही. होडीत मागे बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, एक-दीड तास. आम्ही तिला म्हणत होतो, "तू काहीच केलं नाहीस." घरी आल्यावर एका दुपारी निवडायला गहू घेऊन बसलो होतो तेव्हा सहज विचारलं, तुला काय काय दिसलं? तिने सांगायला सुरुवात केली आणि मी उठून वही आणली. आम्ही तिथे असेपर्यंत अकरा होड्या आल्या. सगळ्यांनी आपापले लोखंडी नांगर टाकले, त्याच पट्ट्यात, जिथे आम्हाला प्रवाळ दाखवलं. दोन नांगर ओढताना अडकले होते. प्रत्येक होडीने आधी पाव टाकला. मासे होडीचा आवाज आला की पाव पडायच्या आधीच वर जमायचे. आणि नांगराबरोबर एकदा पांढरट तुकडा वर आला होता, तो पोराने परत पाण्यात टाकला.

मी लिहून घेत होते. आईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "पावसाळ्यात तर हे बंद असतं म्हणे. मग तेव्हा त्या माशांना पाव कोण टाकतं?"