‘मानवी चूक’ लिहून कारण सापडत नाही

क्रेन अपघातांवरचा पेपर हातात घेतलात की ‘कारण’ हा रकाना आधी बघा. तिथे नुसतं ‘मानवी चूक’ किंवा ‘जोराचा वारा’ लिहून पुढे टक्केवारी काढली असेल, तर तो पेपर जरा जपूनच वापरा.

उदाहरण घ्या. १४ जुलै १९९९, अमेरिकेतलं मिलवॉकी. मिलर पार्क स्टेडियमच्या छताचा सुमारे ४५० टनांचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ ही अजस्र क्रेन कोसळली, तीन कामगार गेले. रकान्यात काय येणार? ‘वारा’. पण चौकशीत निघालं ते वेगळंच: क्रेनवर येणारा वाऱ्याचा जोर हिशेबात होता, उचललेल्या छतावर येणारा धरलाच नव्हता. हा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एवढं मोठं छत हवेत टांगलं म्हणजे ते शीडच झालं की!

‘वारा’ लिहिलं की दोष निसर्गाचा, ‘मानवी चूक’ लिहिलं की बहुतेक वेळा ऑपरेटरचा. हिशेब कुणी करायचा होता? काम थांबवायचा अधिकार कुणाकडे होता? हे प्रश्न दोन्हीकडे गळतात, आणि पुढच्या साइटवर तोच हिशेब पुन्हा राहू शकतो. तुमच्या डेटाशीटमध्ये या दोन प्रश्नांसाठी स्वतंत्र रकाने ठेवा.